ठमाईनं साठवलेला गारवा

घाटात अजून चाक चढलं नव्हतं, माल बैलाच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या खांद्यावर चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. घाटावरच्या पानवाडीत मर रोग आला आणि एका हंगामात सगळे पानमळे वाळून गेले. म्हातारा हैबती मळेकरी कोकणात उतरला, दारोदार हात जोडले आणि वेलाचं बेणं मिळवलं. केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून दोन पाट्या कावडीला लावल्या. तीन दिवसांत बेणं मातीत गेलं तर जगणार. नाहीतर पानवाडीनं गाव सोडायचं.

पायथ्याला ठमा धनगरीण राहायची. डोंगर तिला विचारून कूस बदलायचा, असं म्हणतात. दर वाटेच्या दर तुकड्याचे तिच्याकडे काथ्याचे तीन दोर असत. एकाला वेळेच्या गाठी, दुसऱ्याला उन्हाच्या, तिसऱ्याला हिसक्यांच्या.

हैबतीनं विचारलं, "बाई, जवळची वाट कुठली?"

"कशाला जवळची, दादा? पायाला, उन्हाला, का हिसक्याला?"

"पानवाडीला गं."

ठमा हसली. "येणारा प्रत्येक जण हेच बोलतो. तुझ्या बेण्याला काय सोसेल ते सांग."

तिनं दोर पसरले. जी वाट दुसऱ्या एखादीपेक्षा तिन्ही दोरांत जास्त गाठींची, तिचे दोर सरळ चुलीत गेले. उरल्या तीन वाटा. नाळेची, अरुंद घळीतली वाट एका दिवसाची, पण धोंड्यावरून धोंड्यावर उड्या. वेलाचे डोळेच मोडायचे. सड्याची, म्हणजे उघड्या कातळावरची, दोन दिवसांची, सपाट, पण झाड म्हणून नाही. ओढ्याकाठची गार, मऊ, आणि पाच दिवसांची.

"म्हणजे कशानंही मरणच की," हैबती खाली बसला.

"अख्खी वाट कशाला घेतोस? तुकड्यानं घे."

तिन्ही वाटा मधे एका उंबराखाली भेटत. तिथवर ठमानं त्याला ओढ्यानं नेलं. जिथं पाणी दिसेल तिथं थांबायची, पाट्या बुडवायची. उंबराशी पोचले तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झालेली. हैबतीनं मान वर करून सूर्याकडे बघितलं.

"सड्यानं आलो असतो तर काल सांजेलाच इथं असतो."

"असतास. पण भाजलेलं बेणं घेऊन. पुढच्या उन्हाला द्यायला तुझ्याजवळ काय उरलं असतं? आपण उशिरा आलो, पण गारवा साठवून आलो. आता तो खर्चायचा." आणि ती सड्याकडे वळली.

कातळ तव्यासारखा तापला होता. पाट्यांतून थेंब थेंब पाणी गळत राहिलं, आणि असं म्हणतात, की संपलंच नाही. जिथं थेंब पडला तिथं शेवाळ धरलं. काळ्या सड्यावरची ती हिरवी रेघ वैशाखातही सुकत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी हैबतीनं पानवाडीत सोपट सोडलं. आत एकेका डोळ्याला कोवळं पान फुटलेलं. तो तिच्या पायाशी वाकायला गेला, तर ठमा म्हणाली, "राहू दे दादा, माझी शेळी व्यायला झालीय." आल्या वाटेनं ती निघून गेली. तिला घाट उतरताना मात्र कुणी पाहिलं नाही. ती वाटांतच मिसळली, असं म्हणतात.

तिला आता ठमाई म्हणतात. पानवाडीत पहिल्या तोडीची पानं अजूनही विकत नाहीत. उंबराखाली तिच्या नावानं बांधलेल्या तीन दोरांवर वाहतात. आणि गावातून कुणी लांब निघालं, लेक सासरी का पोर शिकायला, तर कधी पोचशील असं कुणी विचारत नाही. थोरलं माणूस हातावर एक ओलं पान ठेवतं नि विचारतं, "तुला काय सोसेल?"

उत्तर आल्यावरच वाट सांगतात.