जाणाऱ्यांची यादी

"म्हणजे उद्यापासून मी यायचं नाही... असंच ना, मास्तर?"

दस्तगीर मास्तर चष्मा पुसत राहिले.

मिरजेतल्या एका रक्तपेढीच्या लिनक्स सर्व्हरची देखभाल मास्तरांकडे होती. सुयोग गळतगे त्यांचा शिष्य. हुशार, आणि हे क्षणभरही न विसरणारा. एखादं पॅकेज, म्हणजे यंत्रात बसवलेला प्रोग्रॅम, काढायची कमांड दिली, की त्याच्यासोबत आणखी काय काय जाईल याची यादी दाखवून यंत्र विचारतं, काढू का? मास्तर त्या यादीवर बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचत. सुयोगला हसू येई. तो कमांडच्या शेपटाला आधीच 'हो' जोडून मोकळा. यंत्राने विचारायचंच नाही!

आज सकाळी त्याने एक जुनं पॅकेज असंच उडवलं. त्याच्या आधारावर चालणारा लेबलं छापायचा प्रोग्रॅमही सोबत गेला. मास्तरांनी तो परत बसवेपर्यंत दोन तास रक्तपेढीतल्या विमलताई रक्ताच्या पिशव्यांवर हाताने गट लिहीत बसल्या. चूक झाली नाही. पण झाली असती तर...

"बस," मास्तर म्हणाले. "तीच कमांड दे. 'हो' न जोडता."

त्याने दिली. पडद्यावर यादी आली आणि यंत्र थांबलं.

"वाच. मोठ्यानं."

सुयोगने वाचायला घेतलं. चार नावं साधीच होती. पाचवं लेबलांच्या प्रोग्रॅमचं.

"हे... सांगत होतं मला."

"हं."

"मीच विचारू दिलं नाही."

मास्तरांनी हात लांबवून 'नाही' दाबलं.

सुयोग उठला. खिशातली सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्याने टेबलावर ठेवली. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचंही बिचाऱ्याला सुचलं नाही.

"काढून टाका मला, मास्तर."

तेवढ्यात दारातून विमलताई डोकावल्या. "सुयोग, उद्या शिबिराला तू आहेस ना रे? नव्या पोरींना तुझ्याशिवाय कुणी शिकवायचं? आणि ते गावचे रक्तदाते तुलाच फोन करतात बाबा."

उत्तराची वाट न बघता त्या गेल्या.



मास्तरांनी किल्ली त्याच्याकडे सरकवली.

"काढतो की. आधी यादी वाच."