घडीभर बसलेला आवाज

फार लांब, हिवाळ्यात जिथली नदी गोठते नि लोक तिच्यावरून चालत पलीकडे जातात, त्या रशियात एक होती ग्लाफिरा. धोबिणीची पोर. तिच्या गळ्यात एक आवाज राहायला आला होता. आपणहून, बरं का. ती गायली की छपराला लोंबणारं बर्फ किणकिणायचं. मग काय, मोठ्या नाटकगृहातून बोलावणं आलं. तिकडे त्याला ऑपेरा म्हणतात. आपल्या संगीत नाटकासारखंच, पण त्यात भांडायचं तेसुद्धा गाऊन. राजा ऐकायला यायचा नि डुलकी काढायची विसरायचा.

आता त्या देशाची एक रीत आहे. लांब निघायचं, की सामान दाराशी ठेवून सगळे घडीभर गप्प बसतात. मगच निघतात.

एकदा ग्लाफिरा मफलर न बांधता बर्फात हुंदडली. आवाज कुडकुडला. म्हणाला, "निघतो मी." ती म्हणाली, "निघ बापडा. पण रीतीप्रमाणे घडीभर बस." तो बसला. तिने हळूच गरम चहा घेतला. उबेत त्याला लागली झोप, नि जाणं राहिलं.

मग तिची आई गेली. ग्लाफिरा इतकी रडली, की आवाज पार भिजला. पुन्हा म्हणाला, "निघतो." पुन्हा ती म्हणाली, "बस." पुन्हा चहा, पुन्हा झोप.

मग ती म्हातारी झाली. घरी मुलींना गाणं शिकवू लागली. त्यांत एक चिमुरडी फेन्या. श्वास कसा घ्यावा, तोंड कसं उघडावं, सगळं यायचं तिला, पण सूर काही फुटेना. बिचारी रोज रडत घरी जायची.

एका सकाळी शिकवताना आवाज म्हणाला, "ग्लाफिरा, तुझ्या गळ्यात आता गारठा फार. निघतो."

तिला फार वाईट वाटलं. जन्माची सोबत ती. चहाचा पेला समोरच होता. एक घोट घेतला असता, तर तो आणखी एक हिवाळा राहिला असता. पण तिने पेला फेन्यापुढे सरकवला. म्हणाली, "नाही अडवत. रीत तेवढी मोडू नकोस. त्या पोरीच्या गळ्यात घडीभर बस."

सगळे गप्प बसले. फेन्याने चहा घेतला. मग तोंड उघडलं, नि छपरावरचं बर्फ किणकिणलं.

ग्लाफिरानेही तोंड उघडलं. नुसती वाफ आली. तरी ती हसली, नि बोटाने ताल धरून तिने फेन्याला म्हणायला लावलं, पुन्हा, पुन्हा.

पुढे फेन्या नाटकगृहात गायली. समोर मफलर गुंडाळून ग्लाफिरा बसायची. दोघी सुखात राहिल्या.

चला, आता तुम्हीही घडीभर गप्प. झोपेच्या गावाला निघायचंय, रीत मोडायची नाही.