चेअरमनांचा फोन टीव्हीवर

"दादा, सरळ नाही म्हणू नकोस. लोक तुलाच नावं ठेवतील. असं काहीतरी काम सांग की तिला जमणारच नाही!"

मालनआत्या हे माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या, तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. नवी सून दाराआड उभी असते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिला कान असतात, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

"तिला" म्हणजे मला. तालुक्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. सासरे हो म्हणाले तर!

सासरे म्हणजे नानासाहेब तोडकर, दूध संघाचे चेअरमन. मी आत जाऊन चहा दिला, त्यांनी घोट घेतला आणि फर्मान सोडलं.

"सूनबाई, उद्या संचालक मंडळ जेवायला आहे. माझ्या सत्काराचं भाषण या फोनात आहे, ते नव्या टीव्हीवर दिसलं पाहिजे. वायर लावायची नाही, भिंतीची शोभा जाते. माझ्या फोनला हात लावायचा नाही, त्यात संघाची गुपितं आहेत. आणि वायफायचा पासवर्ड विचारायचा नाही. जमलं तर सोमवारी जा!"

"आणि नाही जमलं तर?" आत्यांनी विचारलं, जणू त्यांना काही माहीतच नव्हतं.

"तर घरात कामं काय कमी आहेत?"

मी मान हलवली. मान हलवणं ही आमच्याकडे सुनांची मातृभाषा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझे यजमान, रणधीर, टीव्हीशी झुंजत होते. फोन नानासाहेबांच्या मुठीत, रिमोट यांच्या हातात. हे सांगतील ते बटण नानासाहेब दाबायचे आणि टीव्ही नुसता "शोधत आहे, शोधत आहे" म्हणायचा. दुकानातला माणूस येऊन म्हणाला, टीव्हीतच दोष आहे. मालनआत्या म्हणाल्या, "टीव्ही सोन्यासारखा आहे. पायगुण बघा कुणाचा आहे तो!"

मी पायगुण सोडून फोन बघत होते, लांबूनच. त्यावर वायफायची खूणच नव्हती! आमच्या घरात पाहुण्यांच्या कपबश्या जशा काचेच्या कपाटात असतात, तसंच वायफाय. ते नव्या टीव्हीसाठी राखून ठेवलेलं. आपण वापरलं तर झिजेल, म्हणून नानासाहेब स्वतःचा फोन सिमकार्डच्या नेटवर चालवायचे. टीव्ही एका नेटवर, फोन दुसऱ्यावर. एकमेकांना सापडणार कसे?

पण हे सांगायचं कुणी? सांगितलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं. "मला शिकवतेस?"

दुपारी संचालक जेवायला बसले. त्यांच्यात खराडे अण्णा होते. मागच्या वेळी नानासाहेबांविरुद्ध चेअरमनपदाला उभे राहून पडलेले. आवाज असा की लाउडस्पीकर भाड्यानं आणायची गरज नाही. पापड वाढताना मी हळूच त्यांना म्हटलं, "अण्णा, मामंजींचा फोन बहुतेक वायफाय घेतच नाही."

"काय?" अण्णा गरजले. "चेअरमन, तुमचा फोन वायफाय घेत नाही म्हणे! जुना झाला की काय? माझा तर लगेच घेतो!"

सगळी पंगत चेअरमनांकडे बघू लागली.

"घेत नाही? माझ्या घरात, माझा फोन?" नानासाहेबांनी हात पुसला, सत्काराची शाल फोनवर पांघरली आणि तिच्याआड पासवर्ड टाकला. "हे बघा! घेतलं की नाही?"

"मग आता सकाळचं बटण दाबा, नाना!" हे ओरडले.

नानासाहेबांनी दाबलं. टीव्ही उजळला आणि भिंतभर नानासाहेब बोलू लागले! टाळ्या पडल्या. भाषण संपलं, तसे ते मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "सगळं जोडलं कुणी? मी! पासवर्ड माझा, बटण मी दाबलं. सूनबाईंनी काय केलं? पापड वाढले! तेव्हा सोमवारचं काही जमायचं नाही."

माझ्या हातातला चमचा थांबला.

तेवढ्यात 'टिंग' वाजलं आणि टीव्हीच्या माथ्यावर हातभर अक्षरं उमटली. अण्णांनी ती खणखणीत वाचली.

"'मालन : शाब्बास दादा! असाच अडून बस. ही कमवायला लागली की आपलं कोण ऐकणार!'"

कुणाला तरी ताकाचा ठसका लागला. मालनआत्या स्वयंपाकघरात फोनमध्ये मान घालून बसलेल्या. तिथून टीव्ही थोडाच दिसतो! पुन्हा 'टिंग'!

"'मालन : आणि त्या खराडेला बोलू देऊ नकोस. फुकट जेवायला आलाय!'" अण्णांनी हेही वाचलं. शेवटचे शब्द जरा सावकाश.

पंगत लोटपोट! नानासाहेबांनी घाईत दिसेल तिथं बोट मारलं. टीव्हीवर त्यांचेच फोटो सरकू लागले : शाल घेऊन आरशासमोर, डावीकडून, उजवीकडून, मिशांना पीळ देताना.

"रणधीर, बंद कर हे!"

"फोनला हात लावायचा नाही म्हणालात ना, नाना?"

"सूनबाई, तुम्ही करा! लवकर!"

मी हात मागे बांधून उभी राहिले आणि मान हलवली. या वेळी आडवी.

"अट तुमचीच आहे, चेअरमन!" अण्णा गरजले.

'टिंग' तिसऱ्यांदा वाजायच्या आत नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, टीव्हीवरच्या स्वतःच्या मिशांकडे पाहिलं आणि हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसायला शालच लागली.

"हरलो, पोरी! संघ चालवला, पण असा डाव नाही पाहिला! सोमवारी जा. माझी गाडी सोडायला येईल, आणायलाही येईल! हा घे फोन, पण आधी बंद कर!"

मी फोन हातात घेतला. बटणावर बोट ठेवलं आणि त्या घरात पहिल्यांदाच, स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात बोलले.

"करते बंद, मामंजी. मालनआत्या, तुमचं अजून काही लिहायचं राहिलंय का?"