बिनघोड्याचा वीर

फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा गडावर राजा होता, आणि घाटात वाटांपेक्षा झाडं जास्त होती.

घाटाच्या पायथ्याशी एका गावात येसबा सुतार राहायचा. तरुणपणी तो राजाच्या फौजेत गेला होता. बारा वर्षांनी परतला, तो एका पायानं लंगडत. आल्या दिवशीच त्यानं भिंतीवरचा लाकूड तासायचा वाकस काढला, धार लावली आणि कामाला बसला. गावातले नांगर त्याचे, पाळणे त्याचे, देवळाचं दारही त्याचंच. हातात काम नसलं की तो रानात असायचा. कुठल्या कपारीत मध आहे, कुठल्या डोहात मासा आहे, हे त्यालाच ठाऊक. लढाईचं कुणी विचारलं तर म्हणायचा, "झालं ते झालं. तुमच्या नांगराचं काय म्हणत होता?"

एके सकाळी येसबा अंथरुणातून उठला नाही.

त्या गावची एक रीत होती. फौजेत राहून आलेला माणूस वारला, की वेशीवर त्याचा दगड उभा करायचा. छिन्नी लावण्याआधी गाव जमायचं. ज्यानं जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, ते त्यानं दगडावर हात ठेवून सांगायचं. तेवढंच दगडात उतरायचं.

दगड घडवायचं काम सटवाजी पाथरवटाकडे होतं. तो येसबाचा जुना जोडीदार. स्वभावानं इतका अबोल, की चार शब्द बोलायचे झाले तर त्यातले तीन गिळायचा.

गाव जमलं. पाटील पुढं येऊन म्हणाले, "सटवाजी, पलीकडच्या गावच्या दगडावर घोड्याखाली तीन शत्रू पडलेत. आपल्या येसबाच्या घोड्याखाली सात पाहिजेत."

"सात मावतील का पाटील?" मागून कुणीतरी विचारलं.

"न मावायला काय झालं? बारीक काढायचे!"

लोक हसले. मग एकेकाला चेव चढला. कुणी म्हणालं, दोन्ही हातांत तलवारी दाखव. कुणी म्हणालं, काखेत एक वाघही असू दे. सगळे मायेनंच बोलत होते. पण दगडावर हात मात्र एकानंही ठेवला नव्हता.

येसबाची बायको साळूबाई मागं बसली होती. ती हळूच पाटलांना म्हणाली, "भाऊजी, ह्यांना घोडा कुठला? चालत गेले, लंगडत आले."

"वहिनी, गावाची शोभा असते ती," पाटील म्हणाले.

"शोभा तुमची. पण अमावस्येला दिवा घेऊन वेशीवर मी येणार. चाळीस वर्षं ज्यांच्याबरोबर काढली, तेच दगडात नसले तर दिवा लावू कुणापुढं? त्या परक्या घोडेस्वारापुढं?"



सटवाजीनं मान खाली घातली. त्याला एक गोष्ट ठाऊक होती. पण पाटलांसमोर तो उभ्या जन्मात बोलला नव्हता. आता गप्प बसलो, तर आपल्याच छिन्नीनं आपला जोडीदार पुसला जाणार, एवढं त्याला कळलं. त्यानं छिन्नी खाली ठेवली आणि दगडावर हात टेकला.

"पाटील, रागावू नका. एकदा आम्ही दोघं डोहावर गळ टाकून बसलो होतो. मी विचारलं, येसबा, किती मारलेस रे? गळाला एक मासळी लागली. पोटात अंडी होती तिच्या. ती त्यानं पाण्यात सोडली, आणि मग बोलला."

सटवाजीनं दुसराही हात दगडावर टेकला.

"फौज हरून घाटातून खाली पळत होती. जखमी तसेच पडले होते. ह्यानं भाल्यांची पाती काढली, दांड्यांना घोंगड्या बांधल्या आणि डोल्या केल्या. सरदार ओरडला, भाले मोडतोस? हा म्हणाला, भाला परत घडवता येतो सरकार, माणूस नाही. अकरा जणांना त्यानं खाली आणवलं. बाराव्याला आणायला गेला, तेव्हा बाण पायात घुसला."

"आणि तो बारावा?" पाटलांनी विचारलं.

"तोही आला. ह्याच्या पाठीवर."

मग एक धनगर पुढं आला आणि त्यानं दगडावर हात ठेवला. धुक्यात वाट चुकली तर ओढ्याच्या उताराला लाग, हे येसबानंच त्याला शिकवलं होतं. एका लेकुरवाळीनं पाळण्याचं सांगितलं. बोलणाऱ्यांची रांगच लागली.

शेवटी पाटील उठले. त्यांनी हात दगडाजवळ नेला. पण ते सात शत्रू काही तोंडातून निघेनात. त्यांनी हात मागं घेतला आणि म्हणाले, "घडव. जसं आहे तसं घडव."

दगड उभा राहिला. खाली डोली उचललेली दोन माणसं, मध्ये लाकूड तासणारा सुतार, आणि वर पाण्यात मासळी सोडणारा हात. अमावस्येला साळूबाईनं दिवा लावला. दगडाकडे पाहत ती सटवाजीला म्हणाली, "पाय लंगडा काढलात, ते बरं केलंत भाऊजी."

पलीकडच्या गावचे लोक हसले. "हा कसला वीर? धड घोडासुद्धा नाही!" पण वाटसरूंचं वेगळंच झालं. तीन शत्रूंच्या दगडाला ते चालता चालता हात जोडायचे आणि पुढं जायचे. या दगडापाशी मात्र टेकायचे आणि विचारायचे, "हा कोण हो?" आणि गावातलं कुणी ना कुणी त्यांना सांगत बसायचं.

वर्षभरानं पाटील एकटेच सटवाजीकडे आले. पाटीलही एके काळी फौजेत होते.

"सटवाजी, माझ्या दगडावर घोडा घालू नकोस. भावाशी बांधावरून भांडण होतं, ते मी आपण होऊन मिटवलं. तेवढंच घाल."

"मिटवलंत? कधी?"

पाटील जरा ओशाळले. "अजून नाही रे. आत्ता तिकडंच निघालोय."

आणि ते खरोखरच भावाच्या घराकडे वळले.

तात्पर्य: गेलेल्या माणसाचं खरं तेच आठवावं, खोट्या मोठेपणाला लोक नुसते हात जोडतात, खऱ्या चांगुलपणाच्या मागून चालू लागतात.