घणाचा झेलाझेलीचा खेळ

लोखंड माणसांपेक्षा जास्त बोलायचं, त्या काळची गोष्ट. एका लोहारशाळेत घणाने फर्मान काढलं, "आपल्यात एकी नाही. आज खेळ खेळू. मी डोळे मिटून मागे पडेन, सांडशीबाई मला झेलतील. त्याने विश्वास वाढतो म्हणे!"

सांडशीने घणाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हा धटिंगण अंगावर पडला, तर खीळ तुटून तिचे दोन तुकडेच व्हायचे. भाता फुसफुसून हसला.

ती धीर करून म्हणाली, "घणोबा, रोज तुम्ही माझ्या नाकासमोर दाणदाण आदळता, तरी मी तापलेलं लोखंड हलू देत नाही. अजून कसला विश्वास हवा? खेळायचंच तर अदलाबदल करू. तुम्ही निखाऱ्यातलं लोखंड धरा, मी हाणते."

घण खाकरला. "कोयता अर्धा राहिलाय. आधी तो करू."