आक्काने पाठवलेली अंडी

फार मागची गोष्ट. तेव्हा नदीवर पूल नव्हता, आणि या काठचं बरंवाईट त्या काठाला नावेतूनच कळायचं.

त्या दिवशी धाकटी अंगणात मूग वाळत घालत होती. सासू दारात बसून फाटलेलं सूप सारवत होती. घरची तांबडी कोंबडी खुडूक झाली होती. तिला अंडी उबवायची ओढ लागली होती आणि ती घरभर कुरकुरत फिरत होती. एवढ्यात नावाडी आला. एरवी तो लांबूनच हाक मारायचा. आज जवळ येऊन त्याने आधी मुंडासं काढलं.

"वहिनी," तो म्हणाला, "पलीकडची आक्का गेली. नुसता तापच आला होता."

धाकटीने ओंजळीतले मूग नीट पसरले. मग ती खाली बसली.

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. दोघी एका घरात वाढल्या आणि नदीच्या दोन काठांना दिल्या गेल्या. थोरलीकडे त्यांच्या आईच्या वेळेपासूनच्या कोंबड्या होत्या, राखी अंगाच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या. तशा त्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. धाकटीला आंदण मिळालेल्या कोंबड्या मुंगसाने नेल्या, तेव्हापासून थोरली बाजाराच्या नावेने तिला अंडी पाठवायची. याही बाजाराला तुसात बसवलेल्या अंड्यांची टोपली आली होती, आणि निरोप नेहमीचाच होता: "पाण्यात टाकून बघ. चांगली असतील ती खा. कोंबडी खुडूक असली तर थोडी तिच्याखाली ठेव."

"बघायचं काय त्यात?" धाकटी एकदा चिडून म्हणाली होती. "तुझी अंडी काय शिळी असतात?"

"माझी नसतात गं," थोरली म्हणाली होती. "पण वाटेत ऊन असतं, आणि तू आळशी आहेस."

ही पारख त्यांच्या आईची. ती पितळी घंगाळात पाणी घ्यायची आणि एकेक अंडं हलकेच सोडायची. दोघी पोरी काठावर हनुवटी टेकून बघायच्या. अंडं तळाशी आडवं पडलं की थोरली म्हणायची, "निजलं." टोक वर करून उभं राहिलं की धाकटी म्हणायची, "उठलं." आणि पाण्यावर आलं की दोघी मिळून ओरडायच्या, "निघालं!" निजलेलं सावकाश खायचं, उठलेलं आजच खायचं, निघालेलं परसात पुरायचं. आई हसायची नाही. पण निजलेलं अंडं हाती आलं की ते पोरींच्या गालाला लावायची. गार, ओलं, जड अंडं. धाकटीला तो गारवा अजून आठवत होता.

दिवसकार्य आटोपून धाकटी परतली. तिने टोपली कोनाड्यात ठेवली आणि वर धुतलेलं फडकं घातलं.

सासूने काही दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी ती म्हणाली, "सूनबाई, भाकरीबरोबर आज अंडी कर. बहिणीने खायला पाठवलीत."

"त्यातली नकोत, आत्याबाई."

"बरं, नकोत. पाण्यात तरी बघ. वास सुटला तर घरात उभं राहवणार नाही."

"आक्काची आहेत ती. त्यांना काय होतंय?"

सासूने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा आपलं सूप हातात घेतलं. बहीण गेलेल्या बाईशी अंड्यांवरून कोण वाद घालणार?

पण खुडूक कोंबडीला कसली भीड? ती रोज कोनाड्याखाली येऊन बसे. एक दिवस ती बोललीच. "बाई, तू ही अंडी खात नाहीस, मला देत नाहीस. मग ती आहेत तरी कुणाची?"

"आक्काची."

"आक्का गेली. ऊब द्यायला मी आहे. पण माझीही ऊब आहे तोवरच आहे."

"हूश," धाकटी म्हणाली आणि तिला अंगणात घालवून आली.

खरं तर धाकटीला भीती वाटत होती. पाण्यात टाकली नव्हती तोवर तिच्या लेखी ती अंडी त्याच सकाळची होती, आक्काने आपल्या हाताने तुसात बसवलेली.

होळी झाली. कोंबडीची ऊब ओसरली आणि ती पुन्हा उकिरडा उकरू लागली. मग एक दिवस नावेतून थोरलीची लेक आली. तिचं लग्न ठरलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "आईच्या मागे कोंबड्यांकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. मर आली, सगळ्या गेल्या. सासरी न्यायला एक तरी ठिपक्यांची हवी होती. तू आईच्या अंड्यांची पिल्लं काढली असशील ना?"

धाकटीने कोनाड्यातली टोपली उतरवली. लेकीने घंगाळात पाणी भरलं. आईकडून तीही शिकली होती.

पहिलं अंडं सोडलं ते तळाला टेकलंच नाही. "निघालं," लेक हळूच म्हणाली. दुसरंही निघालं. धाकटी एकेक सोडत गेली. शेवटचं जरा खाली गेलं, तशी ती वाकली. मग तेही सावकाश वर आलं आणि इतरांत जाऊन मिळालं.

"यातलं एखादं तरी खाल्लंस का गं मावशी?" लेकीने विचारलं.

"नाही."

"तुला आवडतात म्हणून आई आम्हाला हात लावू द्यायची नाही. मोठी मोठी तुझ्यासाठी निवडायची."

दोघींनी मिळून परसात खड्डा घेतला. नाव सुटायच्या वेळेला लेक रिकाम्या हाताने गेली. राखी अंगाच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या कोंबड्या त्या खोऱ्यात मग कुणी पाहिल्या नाहीत.

मायेने दिलेलं जपून ठेवलं तर नासतं. वेळेवर पारखून वापरलं तरच ते पुढे चालतं. आक्काचा निरोप एवढाच होता. धाकटीने ती अंडी कोंबडीखाली ठेवली नाहीत.