टोपीवरचं नाव

एका राज्यात मुलाला जत्रेला न्यायचं तर आधी त्याच्या टोपीवर जरीने नाव विणत. पोर गर्दीत हरवलं तर कुणीही नाव वाचावं आणि त्याला घरी पोचवावं, हा हेतू. पोरं तरीही हरवत, आणि परत येत नसत. मग लोक पुढच्या जत्रेला अक्षरं आणखी मोठी काढत.

तिथला राजा मणिभद्र चौदा विद्या शिकला होता, म्हणून त्याला कशाचीच खात्री नसे. त्याच्या लहानग्या लेकीने, मृगांकेने, जत्रेचा हट्ट धरला, तेव्हा त्याने तिची टोपी तपासली, मग पुन्हा तपासली. नाव दुरून वाचता येत होतं.

जत्रेत एका कुंभाराने मातीचा हत्ती पुढे केला. तो हातात घ्यायला राजाने लेकीचं बोट सोडलं. वळून पाहतो तर लेक नाही.

"महाराज, आपणच तर तिला हाक मारलीत," लोक म्हणाले. "'मृगांके, ये बाळ' म्हणालात. ती आपल्यामागून वेशीबाहेर गेली."

राजा धावत वेशीवर आला. तिथल्या कमानीवर एक साळुंकी राहत असे. तिला माणसासारखं बोलता येई, पण कुणी तिला कधी काही विचारत नसे.

"साळुंके, माझी लेक कुठे आहे?"

"धूम्रकेश जादूगाराच्या बागेत. तुझ्या वडिलांनी त्याचा जरीचा खजिना लुटून आणला, तेव्हा त्याने शाप दिला. 'माझ्या जरीत ज्या पोराचं नाव विणाल, त्याला मी हाक मारीन आणि ते माझ्याकडे येईल.' तो टोपी वाचतो, बापाचं रूप घेतो आणि पोर घेऊन जातो."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू आधी का नाही विचारलंस?" साळुंकी म्हणाली. "आता तीन कामं कर. राज्यातली सगळी जर जाळ. मग बागेच्या वाटेला लाग. कुणी कितीही बोलावलं तरी वळू नकोस. तिसरं काम मला ठाऊक नाही. ते तुझी लेक सांगेल."

राजवाड्यासमोर होळी पेटली. लोक टोप्या घेऊन आले, पण जरीची नावं उसवेनात.

"नाव काढलं तर हरवलेलं पोर कुणाचं, हे कळायचं कसं?" एका म्हातारीने विचारलं. "कपाळ वाचून?"

राणी सुलेखा म्हणाली, "आजी, नाव पोराच्या तोंडी असू द्या, डोक्यावर नको. हरवलास तर जागचा हलू नकोस, पोरंबाळं बरोबर असलेली बाई बघ आणि तिला सांग, एवढं शिकवा. ते कुणाला वाचता येत नाही."

म्हातारीने टोपी आगीत टाकली. मग सगळ्यांनी टाकल्या. निळा धूर निघाला आणि उत्तरेकडे गेला. राजा त्याच्यामागून चालू लागला.

वाटेवर मागून त्याच्या गुरुजींचा आवाज आला, "मणिभद्रा, चुकीच्या वाटेला लागलास." ती शंका राजाला होतीच, त्याचे पाय अडखळले. पुढे वारलेल्या आईने हाक मारली, "मणी, जेवलास का रे?" राजाने मान खाली घातली आणि रडत रडत चालत राहिला. आपली लेक का गेली, हे त्याला तेव्हा कळलं.

बागेत हरवलेली सगळी मुलं झोपाळ्यांवर बसली होती. त्यांचं वय वाढलं नव्हतं. मृगांकेसमोर दुसरा एक मणिभद्र हात पुढे करून उभा होता.

"माझी जर जळली, हाकेतलं बळ गेलं," तो राजाला म्हणाला. "पण रूप आहे. ती ज्याचा हात धरील, तो बाप."

राजाने हात पुढे केला. मृगांकेने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"एकदा फसले," ती म्हणाली. "आधी सांगा, पानातलं कारलं मी कुठे टाकते?"

"राजकन्या पानातलं काही टाकत नाही," धूम्रकेश म्हणाला.

राजा घाबरला. "पाटाखाली," तो म्हणाला. "नाही, थांब. आई समोर असली तर माझ्या पानात."

"आणि तुम्ही काय करता?"

"खातो. मलाही आवडत नाही."

मृगांका झोपाळ्यावरून उतरली आणि तिने त्याचं बोट धरलं. धूम्रकेशाचं रूप गळून पडलं. तो एक थकलेला माणूस होता.

"माझ्या जरीचं काही उरलं का?"

"राख आहे. येऊन घेऊन जा."

"राहू दे," तो म्हणाला आणि डोंगराकडे निघून गेला.

सगळे झोपाळे थांबले. राजाने मुलं वेशीवर आणली. आया धावत आल्या. कित्येकींचे केस पिकले होते. पण मुलं लगेच बिलगली नाहीत. प्रत्येकाने आधी एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून मगच हात धरला. एका मुलाच्या आईला काही केल्या आठवेना. तो तिच्यासमोर बसून राहिला. दिवस कलता कलता तिला आठवलं.

तेव्हापासून त्या राज्यात पोरं साध्या टोप्या घालून जत्रेला जातात आणि परत येतात. आणि प्रत्येक घरात एक गोष्ट अशी असते, जी शेजाऱ्यालाही ठाऊक नसते.